विचारले असते, तर 'हो'च म्हटले असते

मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढायचे ठरले तेव्हा चिटणीसबाईंनी मला सांगितले की इतिहासावर चार पाने लिहून द्या. मी सातवी शिकलेली गृहिणी. इतिहास म्हटला की मला भोसल्यांचा वाडा आणि सीताबर्डीचा किल्ला एवढेच आठवते, आणि त्यांवर लिहू शकतील अशा माझ्याहून जाणत्या भगिनी मंडळात पुष्कळ आहेत. म्हणून मी निराळाच इतिहास लिहायला घेतला आहे. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया करताना त्या बाईला कोणी विचारीत होते की नाही, आणि विचारू लागले ते केव्हापासून, हा तो इतिहास. हा विषय स्मरणिकेत कशाला, असे काहींना वाटेल. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांकडे मी पाहते तेव्हा कुणाची बहीण, कुणाची नणंद, कुणाची शेजारीण या दुखण्याने गेलेली वा यातून उठलेली असते. लाज धरून कुणाचे भले झाले नाही, म्हणून लिहिते. माझी मुलगी परिचारिकेचे शिक्षण घेते आहे. इंग्रजीतले तिने वाचून मला मराठीत सांगितले. चूक आढळली तर ती माझी समजावी.

आधी घरचे सांगते. २००३ साली माझ्या सासूबाईंच्या छातीत गाठ निघाली. त्यांनी ती बरेच महिने कुणाला सांगितली नव्हती. अंगावरचे कपडे बदलताना माझे लक्ष गेले म्हणून कळले. मामंजी आणि मोठे भाऊजी त्यांना इस्पितळात घेऊन गेले. सुईने तपासणी झाली. डॉक्टरांनी मामंजींना व्हरांड्यात बोलावून घेतले, काय ते सांगितले, आणि तिथेच कागदावर सही झाली. सासूबाई दहा पावलांवर बाकावर बसून होत्या. त्यांनी मला विचारले, "काय म्हणून राहिले गं डॉक्टर?" मी म्हटले, "काही नाही आई, साधी गाठ आहे, काढून टाकतील." हे खोटे मीच बोलले. घरात तसे ठरले होते, आणि नाव कळले तर त्या धीर सोडतील असे आम्हां सर्वांना मनापासून वाटत होते.

शस्त्रक्रियेनंतर गुंगी उतरली तेव्हा त्यांनी हात छातीवर नेला. मी पायाशी उभी होते. त्या काही बोलल्या नाहीत. हात तसाच थोडा वेळ ठेवला आणि मग पदर ओढून घेतला.

पुढे त्या अकरा वर्षे जगल्या. शिवणात हुशार होत्या. जुन्या धोतराच्या कापडाची छोटी पिशवी शिवून तीत कापूस आणि वजनाला थोडी मोहरी भरून त्या ती पोलक्यात घालीत. त्याविषयी अवाक्षर बोलत नसत. एके दिवशी आम्ही दोघी मेथी निवडीत बसलो होतो. मधेच म्हणाल्या, "मला विचारलं असतं ना, तर मी हो म्हटलंच असतं. पण विचारलं नाही कोणी." एवढे बोलून पुन्हा मेथी निवडू लागल्या. हे वाक्य माझ्या मनातून गेले नाही.

आपल्या नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते. काळी मारबत १८८१ पासून निघते असे सांगतात. त्या दिवशी सगळे शहर रस्त्यावर येऊन रोगराईला नाव घेऊन हाकलते. आणि त्याच शहरात घराच्या उंबरठ्याच्या आत आपण या रोगाचे नाव घेत नाही; 'ते दुखणे', 'मोठे दुखणे' असे म्हणतो. ज्यांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय मानेवाडा रोडवर उभे आहे, त्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनाही कर्करोगानेच गाठले होते. १९६८ च्या ऑक्टोबरात मोझरीच्या गुरुकुंजात ते गेले. महाराजांच्या दुखण्याचे नाव साऱ्या विदर्भाला ठाऊक होते. मग बाईच्या दुखण्याचे नाव त्या बाईलाच ठाऊक नसावे, हे कसे?

हे आपल्याकडेच असे होते काय, म्हणून मी मुलीला विचारले. तेव्हा तिने जी माहिती काढली ती ऐकून मी थक्क झाले.

फ्रान्समध्ये पॅरिस शहरी फॅनी बर्नी नावाची एक इंग्रज लेखिका राहत असे. ३० सप्टेंबर १८११ रोजी तिच्या स्तनावर शस्त्रक्रिया झाली. त्या वेळी भूल देण्याचे औषध निघाले नव्हते. ते १८४६ साली जगापुढे आले. नेपोलियनच्या फौजेतले नामांकित शल्यवैद्य लारे यांनी ती केली. शस्त्रक्रिया करायची हे तिला सांगितले होते, तिने होकारही दिला होता. परंतु कोणत्या दिवशी हे मात्र वैद्यांनी लपवून ठेवले. शेवटी काही तास आधी निरोप आला. तिनेही नवऱ्याला ते पाहवणार नाही म्हणून त्याला त्या वेळी घराबाहेर राहू दिले. म्हणजे वैद्य तिच्यापासून लपवीत होते आणि ती नवऱ्यापासून. दोन्हीकडे मायाच होती. नंतर तिने बहिणीला लांबलचक पत्र लिहिले, त्यातून हे सर्व जगाला कळले. बाई त्यानंतर १८४० पर्यंत जगली.

भूल आल्यावर बाईच्या यातना वाचल्या, पण एक निराळीच गोष्ट घडली. निजलेल्या माणसाला विचारायचे कसे? अमेरिकेत बाल्टिमोर येथील हॉल्स्टेड या शल्यवैद्यांनी १८८२ पासून एक मोठी शस्त्रक्रिया सुरू केली व १८९४ साली तिचा वृत्तांत छापला. संपूर्ण स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी, सर्व एकत्र काढायचे. रोग झाडाच्या मुळांसारखा आजूबाजूस पसरतो, तेव्हा मुळासकट उपटावा अशी त्यांची समजूत होती. हेतू वाईट नव्हता. त्या काळी बायका येत त्याच फार उशिरा, मोठमोठ्या गाठी घेऊन. पण पुढे गाठ सुपारीएवढी असली तरी तेच होऊ लागले, आणि सत्तर-ऐंशी वर्षे जगभर हाच रिवाज राहिला. छाती खोलगट होई, हात सुजे, वर उचलवत नसे.

त्याला जोडून आणखी एक पद्धत पडली. बाईला भूल द्यायची, गाठीचा तुकडा काढून तिथल्या तिथे गोठवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, आणि कर्करोग निघाला तर त्याच भुलीत स्तन काढून टाकायचा. सही आधीच घेतलेली. झोपताना बाईला ठाऊक नसे की आपण कशा उठणार. उठल्यावर हात लावून कळे. आमच्या सासूबाईंचा तो हात मला इथे आठवला. त्यांची तपासणी आधी झालेली होती, सांगायला वेळही पुष्कळ होता. तरी त्यांनाही हातानेच कळले.

हा रिवाज मोडायला एक बाईच कारण झाली. रोझ कुशनर या अमेरिकेतल्या वृत्तपत्रांत लिहिणाऱ्या बाई. १९७४ साली त्यांना स्वतःला गाठ लागली. त्यांनी हट्ट धरला की आधी फक्त तुकडा काढून तपासा, मला जागे होऊ द्या, काय निघाले ते सांगा, मग पुढचे मी ठरवीन. एकामागून एक शल्यवैद्यांनी नकार दिला. अखेर एक तयार झाला. त्याच वर्षी सप्टेंबरात अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांच्यावर अशीच एका भुलीतली शस्त्रक्रिया व्हायची होती. कुशनरबाईंनी राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी दूरध्वनी करून सांगायचा प्रयत्न केला की त्यांना आधी जागे होऊ द्या. राष्ट्राध्यक्षांनी निर्णय घेतला आहे, असे उत्तर मिळाल्याचे त्यांनीच पुढे सांगितले. हे ऐकले आणि मला आमचा व्हरांडा दिसला. एवढ्या मोठ्या देशाची पहिली बाई, आणि तिच्याही देहाचा निर्णय मामंजींच्या सहीसारखाच बाहेरच्या बाहेर झाला! तथापि बेटीबाईंनी आपले दुखणे लपवले नाही, उघड सांगितले, आणि त्यामुळे हजारो बायका स्वतःला तपासून घेऊ लागल्या, हेही त्यांचे मोठे काम झाले.

कुशनरबाईंनी १९७५ साली पुस्तक लिहिले. १९७९ साली अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसंस्थेने तज्ज्ञांची बैठक भरवली, तीत त्यांना घेतले. तपासणी एका वेळी व शस्त्रक्रिया दुसऱ्या वेळी, मध्ये बाईला विचार करायला अवधी, असे त्या बैठकीने सुचवले. कुशनरबाई १९९० साली याच रोगाने गेल्या.

पण नुसते विचारून काय उपयोग, जर दुसरा मार्गच नसेल? तो मार्गही याच सुमारास सिद्ध झाला. इटलीत मिलान येथे डॉक्टर वेरोनेसी यांनी १९७३ पासून सुमारे ७०० बायकांची पाहणी केली. गाठ लहान असलेल्यांपैकी निम्म्यांचा संपूर्ण स्तन काढला. निम्म्यांचा गाठीभोवतीचा भाग तेवढा काढून बाकीच्यास किरणांचा उपचार दिला. अमेरिकेत डॉक्टर बर्नार्ड फिशर यांनी १९७६ पासून तशीच पाहणी केली. वीस वर्षांनी, २००२ साली, दोघांचेही निष्कर्ष छापून आले: दोन्ही प्रकारांत बायका सारख्याच जगल्या. म्हणजे ज्यांची गाठ लहान असताना कळते अशा पुष्कळ जणींपुढे दोन वाटा असतात, आयुष्य दोन्हींकडे सारखे. मग कोणती वाट धरायची हे ज्ञानाने ठरत नाही. ज्या बाईला त्या वाटेने चालायचे तिनेच ते ठरवायला हवे. विचारणे ही नुसती सभ्यता राहिली नाही, ती गरज झाली.

आपल्या महाराष्ट्रात मुंबईला परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले. विदर्भातली माणसे रात्रीच्या गाडीने तिकडे जात, दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत उतरत. अजूनही जातात. परळलाच डॉक्टर कमलाबाई रणदिवे या पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या विदुषी प्रयोगशाळेत उंदरांवर स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास करीत होत्या. आपण घरात नाव घ्यायला भीत होतो तेव्हा एक मराठी बाई त्याची कारणे शोधीत होती. स्तन राखून उपचार करण्याची पद्धत टाटा रुग्णालयात १९८० च्या सुमारास सुरू झाली, आणि किरणोपचाराच्या तज्ज्ञ डॉक्टर केतायून दिनशा यांचा त्यात मोठा वाटा होता. त्याच पुढे रुग्णालयाच्या संचालक झाल्या.

आता कायद्याचे. बाईच्या संमतीचा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. मुंबईच्या रखमाबाईंना लहानपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे जायचे नव्हते. १८८४ साली नवऱ्याने फिर्याद केली. १८८७ साली कोर्टाने हुकूम केला की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. त्या म्हणाल्या, तुरुंग पत्करीन. १८८८ साली तडजोड झाली आणि रखमाबाई विलायतेस जाऊन डॉक्टर होऊन आल्या. पण इस्पितळात बाईची संमती कोणाची, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट शब्दांत सांगितले ते १६ जानेवारी २००८ रोजी. समीरा कोहली नावाच्या अविवाहित बाई, वय ४४, अंगावरून जास्त जाते म्हणून तपासायला गेल्या होत्या. भूल देऊन आतून तपासणी चालू असता बाहेर बसलेल्या त्यांच्या म्हाताऱ्या आईची संमती घेतली आणि त्याच भुलीत गर्भाशय काढून टाकले. न्यायालय म्हणाले की बाई सज्ञान आहे, जीव तातडीने धोक्यात नाही, मग तिच्या शुद्धीवर येण्याची वाट पाहायला हवी होती. आईची संमती चालत नाही. तपासणीला दिलेली संमती ही उपचाराची संमती होत नाही. उपचार कोणता, त्याचा फायदा काय, धोका काय, दुसरा मार्ग आहे काय, आणि काहीच न केल्यास काय होईल, हे सर्व तिला सांगावे, मग तिने हो किंवा नाही म्हणावे. भरपाई म्हणून २५,००० रुपये मिळाले. रक्कम लहान, पण निकाल मोठा. रोग निराळा होता, तरी हा निकाल आपणा सर्वांना लागू आहे. महाराष्ट्रात तर २०२१ च्या नियमांप्रमाणे खाजगी इस्पितळांनी रुग्णांच्या हक्कांची सनद दिसेल अशी लावायची असते. पुढच्या वेळी कुणाला भेटायला गेलात तर भिंतीकडे जरूर पाहा.

हे सर्व ऐकून मला वाटले, आता आपण शहाण्या झालो. परंतु शहाणपणाची परीक्षा मागल्या-पुढल्या पिढीत नव्हे, माझ्याच घरात व्हायची होती.

२०२३ साली माझ्या थोरल्या जाऊबाईंना गाठ निघाली. ते काटोलकडे गावी असतात, संत्र्याची बाग आहे. भाऊजी त्यांना घेऊन आमच्याकडे आले आणि मला आत बोलावून म्हणाले, "तिला नाव सांगू नका." वीस वर्षांपूर्वीचे तेच शब्द. या वेळी मी म्हटले, "भाऊजी, एकदा आपण असे केले. आता नको." ते रागावले, पण बोलले नाहीत. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी तर प्रश्नच मिटवला. भाऊजी उठून बाहेर बोलायला निघाले तेव्हा त्या म्हणाल्या, "बोलायचे ते यांच्यासमोर." मग कागदावर चित्र काढून त्यांनी जाऊबाईंना दोन्ही वाटा समजावल्या. गाठ लहान आहे. तेवढीच काढता येईल, पण मग किरणांचा उपचार घ्यावा लागेल. त्याला पूर्वी पाच-सहा आठवडे रोज यावे लागे, आता पुष्कळांना तीन आठवडे पुरतात. किंवा संपूर्ण काढता येईल; मग किरणांची गरज बहुधा पडणार नाही, पण ते तपासणीचा अहवाल आल्यावर कळेल. दोन दिवस विचार करा, म्हणाल्या.

घरी आल्यावर मी आणि माझी मुलगी, आम्ही दोघी जाऊबाईंच्या मागे लागलो. आयुष्य दोन्हींत सारखे आहे, मग उगीच सगळे का काढता? राखता येते तर राखा. तीन आठवडे आमच्याकडे राहा, मी रोज नेईन-आणीन. मी मिलानचे सांगितले, अमेरिकेचे सांगितले, सर्व सांगितले. त्या ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "तेव्हा सासूबाईंना ह्यांनी सांगितलं नाही. आता मला तू सांगूनच राहिली. विचारून कोण राहिलं?"

मी गप्प झाले.

त्यांनी संपूर्ण काढून घ्यायचे ठरवले. कारणे त्यांची त्यांना ठाऊक. थोडी मला सांगितली. राहिलेल्या भागात पुन्हा काही निघेल काय हा घोर त्यांना आयुष्यभर नको होता. मशीनची भीती होती. बागेत तोडणीचे दिवस जवळ आले होते. आणि एक म्हणाल्या, "माझी मुलं मोठी झाली, मला त्याचं काही वाटत नाही. तुला वाटत असेल तर तुझं तू ठेव." आम्ही दोघी हसलो आणि मग रडलो. सही त्यांनी स्वतः केली. आता त्या बऱ्या आहेत, दर काही महिन्यांनी तपासणीला येतात, येताना बागेतली संत्री आणतात.

पाहा भगिनींनो, सासूबाईंचे जे झाले तेच जाऊबाईंचे झाले. छातीवरची खूण दोघींची सारखी. पण एकीने शेवटपर्यंत आरशाकडे पाठ करून कपडे बदलले, आणि दुसरी आपल्या दुखण्याची गोष्ट गावातल्या बायकांना ओट्यावर बसून सांगते. मधला फरक एवढाच की दुसरीला विचारले होते. आणि विचारायचे म्हणजे आपल्याला हवे ते उत्तर काढून घ्यायचे नव्हे, हे मला जाऊबाईंनी शिकवले.

एक गोष्ट मात्र सांगितल्यावाचून लेख पुरा होत नाही. दोन वाटा पुढे असतात त्या गाठ लहान असेल तेव्हा. उशीर झाला की एकेक वाट बंद होत जाते, मग विचारायलाही फारसे काही उरत नाही. टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी मुंबईच्या गरीब वस्त्यांत १९९८ पासून दीड लाखाहून अधिक बायकांची पाहणी केली. निम्म्या वस्त्यांत साध्या शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी येऊन हाताने तपासणी करीत. यंत्र नाही, काही नाही. २०२१ साली निष्कर्ष छापून आले की तपासलेल्या वस्त्यांत रोग लवकरच्या अवस्थेत सापडू लागला, आणि पन्नाशीच्या पुढच्या बायकांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. तेव्हा जाणत्या हाताकडून तपासून घ्यायला लाजू नये. आता मुंबईही गाठावी लागत नाही. मानेवाडा रोड आहे, जामठ्याला राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे.

मंडळाने मोठे काही करावे असे माझे म्हणणे नाही. आपल्यापैकी कुणावर ही वेळ आली तर दुसरीने तिच्यासोबत जावे. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न घरूनच कागदावर लिहून न्यावे, कारण तिथे गेल्यावर काही सुचत नाही. आणि डॉक्टरांनी "काय करायचे?" असे विचारले की आपण तोंड मिटून तिच्याकडे पाहावे. तिने "तुम्हीच ठरवा" म्हटले, तर तेही तिचेच उत्तर आहे, तेही ऐकावे.

सासूबाईंना मी कधी सांगू शकले नाही की ते खोटे मी बोलले होते. त्यांना ते ठाऊक असावे असे मला आता वाटते. मेथी निवडताना त्या जे बोलल्या ते मलाच उद्देशून होते. त्याचे उत्तर द्यायला मला वीस वर्षे लागली, आणि तेही जाऊबाईंमुळे.